बुटाच्या लेसची गाठ

माझ्या मामाला, केवळराम मामाला, गोंदियाकडच्या दरेकस्यात सगळे मुंशीजी म्हणतात. वर्षभराचा मुंशी नाही तो, फक्त तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, दिवसातला. मे महिन्यात लोकं सकाळी जंगलात जाऊन पानं तोडतात, घरी बसून पुडे बांधतात, एका पुड्यात सत्तर पानं, आणि दुपारनंतर पुडे फळीवर आणून टाकतात. फळी म्हणजे गावाबाहेरचं साफ केलेलं मैदान, तिथं पुडे ओळीनं मांडून उन्हात वाळवतात. मामा तेवीस वर्षांपासून त्या फळीवर पुडे मोजून घेतो. बाकी वर्ष धान लावतो, जंगलखात्याच्या कामावर जातो, आणि गावात कोणाचंही लग्न असो, भात शिजवायच्या मोठ्या गंजाजवळ हाच उभा असतो.

त्याची एक गोष्ट मी लहानपणापासून सगळ्या मैत्रिणींना सांगत आली. मामाला गाठीवरून कळतं की पुडा कोणाच्या घरचा. प्रत्येक घरची दोरी ओढायची तऱ्हा वेगळी. मी सातवीत असताना त्याच्या डोळ्यांवर माझी ओढणी बांधली होती आणि एकएक पुडा हातात देत गेली. तो बोटं फिरवायचा आणि सांगायचा, "हा सेवकरामचा. दोन वेढे, गाठ खाली. हा धुरपताबाईचा, बुढी दातानं ओढते दोरी, पाह्य, ओलीच हाय." सगळे बरोबर. धुरपताबाई तिथंच होती, म्हणाली, "मुंशी, माहे दात हायेत तवर वळखून घे गा."

हे सगळं आधी सांगते कारण पुढचं सगळं याच्यावरूनच झालं.

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आमच्या कॉलेजच्या लोकेशला मारलं. गोंदियात, एका समोशाच्या ठेल्यामागं, भर दुपारी, चाकूनं. भांडण कशावरून ते अजून कोणी नीट सांगत नाही. लोकेश माझ्या मागच्या बाकावर बसायचा. माझ्या वहीतून इतिहासाच्या नोट्स उतरवायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, रचना, तुझं अक्षर डॉक्टरचं आहे. एकोणीस वर्षांचा होता. मी अंत्यविधीला गेली होती, त्याच्या आईकडं पाहवलं नाही, बाहेर येऊन रस्त्यावरच बसली.

मारणारे दोघं. एक सतरा वर्षांचा, एक सोळाचा. पळून गेले.

मग मोबाईल सुरू झाला. गोंदियाचं एक पेज आहे, नाव घेत नाही, त्याच्यावर दोघांचे फोटो टाकले. पोरं लहान आहेत, फोटो टाकता येत नाही, असं एकानं लिहिलं तर त्याला शंभर जणांनी शिव्या घातल्या. त्यात मीपण होती. मी लिहिलं, चाकू उचलताना लहान नव्हते काय. साडेतीनशे लाईक आले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दिवसभर तेच चालायचं. कोणी लिहायचं बालाघाटला दिसले, कोणी लिहायचं डोंगरगढच्या गाडीत चढले. "पब्लिक के हवाले करो, पाँच मिनट का काम है." "आडनाव काय आहे, आडनाव टाका." आडनावावरून मग वेगळंच जुंपायचं, त्यात लोकेश कुठं राहायचाच नाही. एकानं लिहिलं गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या मंदिरामागं दिसले, तर चाळीस गाड्या नागऱ्याला गेल्या आणि तिथं नारळ घ्यायला आलेल्या एका पोराचे कपडे फाडले. तो वेगळाच निघाला. पेजवर कोणी सॉरी लिहिलं नाही. मीपण नाही.

चौथ्या दिवशी सतरावाला राजनांदगावला सापडला. सोळावाला राहिला. त्याचं नाव इथं लिहीत नाही.

आई म्हणाली, तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, जा दरेकस्याला मामाकडं. गेली. मामाच्या घरी नेटवर्क नाही. ते फक्त स्टेशनाजवळ मिळतं, दहा मिनिटं चालत जावं लागतं. मी दिवसातून पाच वेळा जायची. मामा म्हणायचा, "टेसनावर नोकरी लागली काय व तुले?"

आठ-नऊ दिवस झाले असतील. दुपारचे चार वाजले होते, फळीवर पुडे येऊन राहिले होते, मी स्टोरीसाठी ओळींचे फोटो काढत होती. शामकलाबाईनं आपले पुडे टाकले आणि गेली. शामकलाबाई एकटीच राहते, मधल्या टोलीत, म्हणजे मधल्या वस्तीत, नवरा वारला. मामा तिचे पुडे ओळीत मांडत होता आणि एकदम थांबला. एक पुडा हातात घेऊन उभा राहिला. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं, पुड्याची गाठ सोडली आणि आपल्या हातानं परत बांधली. असे चार-पाच पुडे सोडून बांधले.

"काय झालं मामा?"

"काई नाई. नव्या हाताचे हायेत."

मी फोनमधला फोटो मोठा करून पाहिला. मामानं सोडायच्या आधीची गाठ त्यात आली होती. दोन कान काढलेली गाठ. बुटाच्या लेसला मारतो तशी. दरेकस्यात पानं तोडणारं कोणीच लेसवाले बूट घालत नाही, सगळे चपलेवर नाहीतर अनवाणी. आणि पेजवरच्या फोटोत त्या सोळावाल्याच्या पायात पांढरे बूट होते, तो फोटो मी शंभरदा पाहिला असेल. आणि शामकलाबाईची बहीण गोंदियाला राहते, ज्या मोहल्ल्यातून ते दोघं पळाले त्याच मोहल्ल्यात.

मला वाटलं मामा खुन्याला लपवून राहिला. माझा मामा.

स्टेशनपर्यंत दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत मामाला एक शब्द विचारता आला असता. मी जवळजवळ पळतच गेली. फोटो टाकला आणि लिहिलं, दरेकसा, तेंदूपत्त्याची फळी, ही गाठ पाहा, तो इथं आहे, इथले लोकं लपवून राहिले. पाठवलं. लोकेशचा फोटोपण टाकला खाली. मग पायरीवर बसून खूप रडली.

सकाळी मामानं धुतलेला शर्ट घातला. मामी म्हणाली, "कुठं चालले गा सकाळीसकाळी?" तो म्हणाला, "शामकलाकडं. तिच्या बहिणीनं पाठवलेलं पोरगं तयार झालं. दहाच्या गाडीनं गोंदियाले नेतो त्याले, ठाण्यात. काल संध्याकाळी जाऊन मी स्वतः हात धरून नेतो म्हनलो, तवा कुठं तयार झालं. रातभर समजावलं शामकलानं."

मी चहाचा कप घेऊन तशीच उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात गाड्यांचा आवाज आला.

तीसएक मोटरसायकली असतील. सालेकस्याचे, आमगावचे, गोंदियाचे. काही माझ्या कॉलेजचे. काठ्या होत्या. ते सरळ फळीवर शिरले, बुटांनी, वाळत टाकलेल्या पुड्यांवरून. पुड्यांवर कोणी पाय देत नाही, फळीवर यायचं तर मामापण चप्पल काठावर काढतो. मामा त्यांच्यामागं धावत, हात जोडून म्हणत होता, "बाप्पा, पायाखाली पाहा न." कोणी पाहिलं नाही. टोलीत कोणीतरी शामकलाबाईचं घर दाखवलं. तिथं अर्धा चहा उरलेला गिलास होता आणि मागचं दार उघडं होतं. गाड्यांचा आवाज ऐकून पोरगं जंगलात पळालं होतं. शामकलाबाई नुसती म्हणत होती, "आंग धुवून बसला होता जी. शर्ट घालून बसला होता."

ते परत फळीवर आले आणि मामाला धरलं. एक पोरगा मोबाईल तोंडासमोर धरून म्हणाला, "काका, बोलो, कहाँ छुपाया?"

मामा म्हणाला, "छुपाया नाही. आज आनून देत होतो. तुमी पळवला."

कोणीतरी ढकललं. चष्मा पडला, त्याच्यावर कोणाचा तरी बूट पडला. तो व्हिडिओ आजपण पेजवर आहे. खाली लिहिलं आहे, खुन्याला लपवणारा मुंशी. मग पोलीस आले, गाड्या पांगल्या, पोलीसपण जंगलात फिरून आले आणि काही सापडलं नाही.

सगळे गेल्यावर मी मामाजवळ गेली. "मामा, मी टाकलं ते."

"मालूम हाय," तो म्हणाला. काच नसलेला चष्मा हातात धरून होता. "येथं फोटो दुसरं कोन काढते?"

"मला वाटलं तुम्ही त्याला लपवून..."

"मले पुसलं असतं तर सांगितलं असतं न." मग म्हणाला, "रडू नोको आता. पुडे सरळ कर."

आम्ही दुपारपर्यंत पुडे सरळ केले. शामकलाबाई आली आणि माझ्या बाजूलाच बसून पुडे उचलू लागली. तिला माहीत होतं मीच ती. एकदाच बोलली, "तो रस्ता नाई जानत व जंगलातला. शहराचा हाय." त्या जंगलात अस्वलं आहेत, बोगद्याकडं रेल्वेचे रूळ आहेत, आणि काठ्या घेतलेली पोरं अजून स्टेशनवर बसून होती. पोलिसांच्या आधी ती त्याच्यापर्यंत पोहोचली असती तर काय झालं असतं ते मला नागऱ्यावरून माहीत होतं. लोकेशला मारणारा मेला पाहिजे असं मी पन्नास ठिकाणी लिहिलं होतं. आता शामकलाबाईच्या बाजूला बसून मला ते वाक्य मनातपण पूर्ण म्हणता येत नव्हतं.

मामा दोन दिवस जंगलात फिरला. नाव घेऊन हाक मारायची सोय नव्हती, कोणी ऐकलं असतं. तो नुसतं ओरडायचा, "पानी हाय गाऽ, पानी." पानं तोडणारे एकमेकांना असंच बोलावतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी लोकं पुडे आणायच्या आधी मी आणि मामा डबा घेऊन फळीवर गेलो. जंगलाकडच्या शेवटच्या ओळीत एक पुडा जास्तीचा होता. सत्तर पानं नसतील, वीस-पंचवीस, वेडीवाकडी, काही फाटलेली. त्याला लेसवाली गाठ.

मामा तिथंच मांडी घालून बसला. जंगलाकडं पाठ केली. मला म्हणाला, "तू पन तिकडं पाहू नोको." मग पुडे उलटवत, जसा पानांशीच बोलून राहिला, "जेवन आनलं हाय. गाडी चारची हाय. टेसनावरचे पोट्टे काल संध्याकाळीच गेले. मी हात नाई सोडत." परत तेच. परत तेच.

किती वेळ गेला माहीत नाही. मागं पाचोळा वाजला.

बूट नव्हते त्याच्या पायात. तळवे फाटले होते. तो फोटोतल्यापेक्षा लहान होता, हेच मला पहिले दिसलं आणि त्याचा राग आला. तो भात खात होता, मामा बाजूला बसून पाणी ओतत होता. मला दया नाही आली. लोकेशच्या आईचं तोंड आठवत होतं. पण मी उठून गेली नाही.

गाडीत मामानं त्याला खिडकीशी बसवलं, स्वतः मध्ये बसला, मला समोर बसवलं. त्याच्या तोंडाला मामाचा दुपट्टा गुंडाळला होता. उन्हाळ्यात तसे अर्धे लोकं बसतात. मामानं खरंच हात सोडला नाही, तिकीट काढतानापण. सालेकसा गेल्यावर तो पोरगा मला म्हणाला, "तुमी लोकेशच्या वर्गातल्या न?"

"हो."

"मी..."

"माझ्याशी बोलू नको," मी म्हणाली.

त्यानं दुपट्टा परत नाकावर ओढला.

आमगावला नेटवर्क आलं. फोन वाजायला लागला, थांबेचना. "रचना, अपडेट?" "दरेकस्याचं काय झालं?" "सुना है लौंडा ट्रेन से भाग रहा है, कौन सी ट्रेन?" हा शेवटचा मी दोनदा वाचला. माझी बोटं सवयीनं कीबोर्डवर गेली होती. लिहिणार काय होती, मला अजून माहीत नाही. पोरगा माझ्या फोनकडं पाहत होता. मामा नाही, तो खिडकीबाहेर पाहत होता. मी फोन बंद केला आणि मामाच्या पिशवीत टाकला, डब्याखाली.

गोंदियाला उतरून आम्ही ऑटोनं ठाण्यात गेलो. दारात पोरगं थांबलं. "मुंशीजी, मारतीन काय?"

"मी येथंच बसतो," मामा म्हणाला. "बाहेर बाकडं हाय, पाह्य. येथून तो दरवाजा दिसते."

आणि बसला. कागदपत्रं झाली, कोणी बालकल्याणवाले साहेब आले, वकील आला, हवालदार दोनदा म्हणाला, बाबा जा आता घरी. मामा म्हणाला, "त्याले गाडीत बसवतांनी पाहतो आन जातो." पोराला निरीक्षणगृहात न्यायला बाहेर काढलं तेव्हा त्यानं पहिले बाकड्याकडंच पाहिलं. मामानं नुसता हात वर केला.

मी पेजवर लिहिलं, दरेकस्याची पोस्ट माझी होती, चूक होती, मुंशी लपवत नव्हता, हजर करत होता. चौदा लाईक आले. एकानं लिहिलं, कितने में बिकी. लोकेशच्या घरी गेली आणि त्याच्या आईला सगळं सांगितलं, गाडीतलंपण. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जिता आहे न? मग सांगील तो. काऊन मारलं ते मला ऐकायचं आहे." केस अजून चालू आहे.

या मेमध्ये परत दरेकस्याला गेली. मला वाटलं होतं मामाला काढतील, पण गावातल्या लोकांनीच सांगितलं, मुंशी दुसरा नोको. नवा चष्मा आहे त्याला. शामकलाबाई पुडे घेऊन आली, मामा एकएक मांडत गेला. तिच्या पुड्यांमध्ये मध्येच एक लेसच्या गाठीचा होता, दोन कान काढलेला. पोरगं गेल्या वर्षी तिच्या ओसरीत बसून बांधायचं तेव्हा पाहून पाहून ती शिकली असेल. मामानं तिच्याकडं पाहिलं. ती दुसरीकडं पाहत होती.

त्यानं ती गाठ सोडली नाही. पुडा तसाच ओळीत ठेवला. फोन माझ्या हातातच होता, मी तो खाली ठेवला आणि पुढचा पुडा त्याला दिला.