त्रिनिदादचा प्रसाद विमानतळावरच राहिला

मैत्रिणींनो, आज सकाळी आम्ही दोघं त्रिनिदादहून परत आलो. तीन दिवसांत फार काही बघून झालं नाही, पण समुद्रात बांधलेलं एक देऊळ पाहिलं आणि मन भरलं. बाहेर गाडीवर दोन मऊ पुऱ्यांत छोले घालून देतात, त्याला डबल्स म्हणतात. आमचं जेवणच झालं ते.

देवळातल्या काकूंचे पणजोबा भारतातून तिथे ऊस तोडायला गेलेले. काकूंनी नारळ दिला आणि माझ्या स्टीलच्या डब्यात दुधातला शिरा भरून दिला. "तुमच्याकडच्या बायकांना द्या," म्हणाल्या. मी शब्द दिला. चमचाभरच खाल्ला, बाकी इथल्या, लंडनमधल्या आपल्या हॅरोच्या महिला मंडळासाठी राखला.

लंडनला उतरल्यावर पाटी दिसली, दुधाचे पदार्थ आणायला बंदी. मी तिथेच थांबले.

हे म्हणाले, "अगं, गप्प ग्रीन चॅनेलमधून चल. डब्यात कोण बघतंय?"

"अहो, देवाचं हातात धरून खोटं बोलू?"

"मग दे तो कचऱ्यात टाकायला."

मी ग्रीन सोडून रेड चॅनेलला, आणलेलं सामान सांगायच्या रांगेत गेले. ऑफिसरबाईंनी विचारलं, "यात दूध आहे?" मी हो म्हटलं. इथेच खाऊन संपवू का विचारलं, तर नाही म्हणाल्या. नारळाला बंदी नव्हती, तो त्यांनी मला परत दिला. शिरा माझ्यासमोर काढून टाकला आणि रिकामा डबा हातात दिला.



डब्याच्या कडेला अजून शिऱ्याचे कण आहेत. धुवायला मन होत नाही. काकूंना दिलेला शब्द मोडला तो मोडलाच. तुम्ही माझ्या जागी असता तर डब्यात दूध आहे हे सांगितलं असतं का?