आठाचा पंखा, सहाचा पंखा आणि वन्संचं पीठ

सगळे बरे आहात ना? नागपूरच्या सुमनताईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? मिरजेच्या आबांची साखर उतरली, की चहात अजून "अर्धाच चमचा" चालू आहे? इंदूरच्या जावईबापूंनी कंबरेचा पट्टा काढला म्हणून मागे लिहिलं होतं. काढला तो डॉक्टरांना विचारून की कंटाळून, तेवढं कळवा. आणि नाव न लिहिता दर लेखाखाली "लांबलंय" एवढंच लिहून जाणारे जे कोणी आहेत, त्यांचीही प्रकृती ठणठणीत असो. हाही लांबणार आहे.

आमच्याकडे मी बरी. आमचे हेही बरे, पण बोटीपायी महिनाभर गप्प होते.

नवीन वाचकांसाठी सांगते. ह्यांनी निवृत्त झाल्यावर कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी अठरा फुटी जुनी बोट घेतली. शीड आहे आणि मागे दहा घोड्यांचं मोटर-इंजिन टांगलेलं आहे. वारा असला तर शिडावर, नसला तर इंजिनावर. खाडीत आत गेलं की माझ्या नणंदेचं, म्हणजे वन्संचं गाव लागतं. गावाचं नाव सांगत नाही, वन्संना आगंतुक पाहुणे आवडत नाहीत. ह्यांचं स्वप्न एकच: आपल्या बोटीने, आपल्या जोरावर बहिणीच्या धक्क्याला लागायचं.

दोन वर्षं आम्ही लागलो, पण दुसऱ्याच्या दोरीला. दोन्ही वेळा अर्ध्या खाडीत इंजिन कण्हायला लागलं, ओहोटीपुढे बोट हलेना, आणि हरिश्चंद्र नावाच्या मच्छीमाराने ओढत नेलं. धक्क्यावर अख्खं गाव. पहिल्या वर्षी ह्यांनी वाऱ्याला दोष दिला, दुसऱ्या वर्षी चंद्राला. दुसऱ्यांदा वन्सं म्हणाल्या, "बाळ्या, यापेक्षा एस.टी.ने ये. ती तरी वाटेत बंद पडली तर सगळ्यांची पडते." ते ह्यांना लागलं. तिथल्या तिथे शब्द देऊन बसले, की पुढच्या खेपेला ओढून आणावं लागलं तर बोट विकून टाकीन. शेजारचा गणपत लगेच म्हणाला, मी घेतो, जांभ्या दगडाचे चिरे वाहायला बरी आहे.

तेव्हा या खेपेला प्रश्न साधा होता. बोट राहते की चिरे वाहते.

आता मी काही बोटीतली नव्हे. शाळा सातवीपर्यंत, पण पुण्यात कसब्यातली आमची पिठाची गिरणी मी पस्तीस वर्षं चालवतेय, आणि मोटर कण्हते कधी ते मला झोपेत कळतं. ओलं धान्य टाकलं की गिरणी जशी हुंकारते तस्सं ते इंजिन हुंकारत होतं. मी म्हटलं, अहो, इंजिन धडधाकट आहे, त्याच्या गळ्यात ओझं जास्त आहे. पंखा बदला.

पंखा म्हणजे इंजिनाच्या बुडाशी पाण्यात फिरतो तो. त्याच्यावर दोन आकडे असतात. पहिला पंख्याची रुंदी. दुसरा महत्त्वाचा: पंखा लोण्याच्या गोळ्यात फिरवला तर एका फेऱ्यात किती इंच पुढे घुसेल, तो. आमचा कंपनीचा पंखा नऊचा. हलक्या, पळणाऱ्या बोटीला नऊ ठीक. आमची बोट म्हणजे बाळंतीण म्हैस. तिला आकडा कमी हवा, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात घास लहान, पण इंजिन पूर्ण वेगाने फिरतं. फार कमी केला तर इंजिन नुसतंच गरगरतं, तेही वाईट. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण वेगाला किती फेरे हवेत ते दिलेलं असतं, आमच्याला मिनिटाला पाच ते साडेपाच हजार. पंख्याचा आकडा एकाने उतरवला की साधारण दोनशे-तीनशे फेरे वाढतात. एवढं कळलं की पंखा निवडणं भाजणीच्या प्रमाणापेक्षा सोपं आहे, असं मला वाटलं. वाटलं.

फेरे मोजायचं चिमुकलं यंत्र बुधवार पेठेत मिळालं. त्याची तार स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायची, की आकडा दिसतो. दुकानदाराने विचारलं, कशाला लावणार. हे म्हणाले, बोटीला.

"चालवता कुठे? नदीपात्रात?"

"नाही हो, खाडीत."

"बरं केलंत. नदीपात्रात पार्किंग मिळत नाही."

पंख्यांसाठी कात्रजच्या पुढे गेलो. पुराच्या वेळी लागणाऱ्या बोटींचे सुटे भाग विकणारा एक मनुष्य तिथे आहे. जाताना जुना पंखा बरोबर न्या, आतले दाते मोजून जुळवावे लागतात, नाहीतर नवा पंखा दांड्यावर बसतच नाही. त्याने आमच्या बोटीचं वर्णन ऐकून सहाचा काढला. पाती रुंद, अळूच्या पानासारखी. ह्यांचा चेहरा पडला. नवावरून एकदम सहा म्हणजे मॅट्रिकवरून बालवाडी. त्यांना आठाचा हवा होता. दोघांत वाद झाला तेव्हा तो म्हणाला, "काका, दोन्ही घेऊन जा, ट्राय करा. नको असलेला परत आणा. फक्त त्याला पाणी लागलेलं नसावं, वेट पीस मी घेत नाही." पाण्यात न बुडवता पंखा ट्राय कसा करायचा, हे मी विचारणार होते, पण हे खूश झाले होते. एकेक पंखा साताठ हजारांना आहे, हे तुम्ही जाणार असाल तर धरून चाला.

शुक्रवारी पहाटे निघालो. ताम्हिणीचा रस्ता आता बरा आहे, वळणं तेवढी आहेत. मागे बसणाऱ्याला आवळासुपारी द्या. पौडला मिसळ खाल्ली, दोघांचं दोनशेच्या आत झालं. माणगावला पेट्रोल भरून घ्या, पुढे खाडीकडे वळल्यावर पंप भरवशाचा नाही. दुपारी जेवणवेळेला बोटीपाशी पोचलो. तिथे एका घरी मासळीचं जेवण मिळतं, आम्हा दोघा शाकाहारींना त्यांनी आंबट वरण आणि वालाचं बिरडं करून घातलं. बिरड्यासाठी पुन्हा जाईन.

संध्याकाळी चाचणी. ह्यांनी आठाचा पंखा चढवला, एकटेच बोट घेऊन गेले, मी काठावर. पूर्ण वेग दिला आणि परत येऊन आकडा दाखवला: पाच हजार तीनशे. चोख. सहाचा कोराच्या कोरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या संध्याकाळी हे दोन कप चहा प्यायले आणि मला ताऱ्यांची नावं सांगत बसले. त्यातली निम्मी चुकीची होती.

सकाळी भरतीबरोबर निघायचं ठरलं होतं. भरतीचं पाणी खाडीत आत शिरतं, ते बोटीला नुसतं वाहून नेतं. पण वन्संकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं. त्यांच्या मते कोकणात जात्यातून पीठ निघतं तो रवाच असतो, म्हणून दरवर्षी गिरणीतून पीठ न्यायचं. ज्वारी, थालीपिठाची भाजणी, अनारशाचं, मेतकूट, शेजारणींच्या नाचणीच्या पिशव्या. या खेपेला लोणच्याच्या दोन बरण्या आणि पाटा-वरवंटाही होता, तो मात्र मी उगाच आणला. गाडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत. सगळं मावलं, मग मी बसले. एवढ्यात भरती भरून गेली. पाणी क्षणभर थांबलं आणि उलटं फिरलं. सकाळचा मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा, तोही समोरून. शीड बांधलेलंच राहिलं.

"इंजिन आहे की," हे म्हणाले.

अर्ध्या वाटेपर्यंत इंजिनाने ओढलं. मग खाडी अरुंद होते तिथे ओहोटीला जोर आला आणि तोच ओळखीचा हुंकार. काठावरचं एक सुरूचं झाड मी नजरेत धरलं होतं. ते पुढेही जाईना आणि मागेही. थोड्या वेळाने ते पुढे जायला लागलं, म्हणजे आम्ही मागे. आकडा बघितला, साडेचार हजार.

"काल तर पाच हजार तीनशे होते," हे म्हणाले.

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. काल बोटीत कोण होतं? एकटे हे, हातात टोपी. पस्तीस वर्षं मी मोटर दुरुस्त करणाऱ्यांना सांगत आले, गिरणी रिकामी फिरवून मला दाखवू नका, दाणे टाकून दाखवा. आणि इथे मीच काठावर उभी राहून रिकाम्या बोटीचा आकडा गोड मानून घेतला होता. आज तिच्यात अर्धी गिरणी होती आणि गिरणीवालीही.

"अहो, सहाचा चढवा."

"भिजेल."

"भिजू दे."

"मग तो परत घेणार नाही."

बोट हळूहळू समुद्राकडे चालली होती, आणि माझा नवरा पिशवीतला पंखा छातीशी धरून बसला होता. तेवढ्यात हरिश्चंद्राची होडी आली. हा बिचारा दोन वर्षांच्या सवयीने दोरीचं वेटोळं हातात घेऊनच आला होता. त्याने इंजिन बंद केलं, बिडी पेटवली आणि अदबीने विचारलं, "काका, टाकू?"

ह्यांनी दोरीकडे बघितलं, मग पिशवीकडे. मी पिशवी त्यांच्या हातून घेतली आणि दातांनी फाडली. ह्यांनी मुकाट्याने सुकाणू फिरवलं आणि बोट वाळूच्या दांड्यावर टेकवली.

आता घाई होती. पाणी उतरत होतं, वेळ लावला तर बोट दांड्यावरच बसणार, मग संध्याकाळपर्यंत हलत नाही. मी पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. ह्यांनी इंजिन बंद करून वर उचललं. (प्लगची वायर काढून ठेवा, पंख्याला हात लावताना इंजिन चुकून फिरलं तर बोटं जातात.) पंख्याच्या नटातून एक दुमडलेली खीळ असते, ती पकडीने सरळ करून ओढायची, नट काढायचा, पंखा येतो हातात. आठाचा निघाला, सहाचा बसला, नट आवळला. खीळ ह्यांच्याकडे दिली होती. ह्यांनी ती तोंडात धरली होती, आणि "झालं का" विचारायला तोंड उघडलं.

ती खीळ अजून त्या खाडीत आहे.

खिळीशिवाय नट सुटतो आणि पंखा तळाला जातो. दुसरी खीळ? गाडीत. हरिश्चंद्राने बिडी विझवून दोरी पुन्हा उचलली. मी अंबाड्याला हात घातला. आकडा बघितला आहे ना तुम्ही, केसांत खोचायचा, तारेचा, दोन पायांचा? खिळीचा सख्खा भाऊ. एका आकड्याने काम भागलं, दोन्ही पाय पकडीने दुमडून टाकले. अंबाडा सुटला तो सुटलाच.

बोट दांड्यावरून ढकलायला हरिश्चंद्रही उतरला. इंजिन चालू झालं आणि आवाजच बदलला. हुंकार गेला, घरघर राहिली, दाणे बरोबर पडताहेत तशी. पाच हजारांच्या जरा वर. सुरूचं झाड थांबलं, मग एकेक वीत मागे जायला लागलं. वेग म्हणाल तर काठावरची म्हैस आमच्याबरोबर चालत होती आणि मध्ये थांबून गवतही खात होती. पण दोरी नव्हती. हरिश्चंद्र मागून येत राहिला, म्हणाला, इकडेच यायचं होतं. नव्हतं यायचं.

धक्क्यावर गाव होतंच. पुढे वन्सं, काठी टेकून, आणि शेजारी गणपत. बोटीत किती चिरे बसतील ते मापायला तो टेप घेऊन आला होता. आम्ही वळलो, त्यांनी आमच्या मागे बघितलं, पुढे बघितलं, दोरी कुठे दिसते का. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि बोट अलगद धक्क्याला लागली. वन्संनी माझे मोकळे केस बघितले, पिठाच्या पिशव्या मोजल्या, मग भावाकडे बघितलं.

"गणपत," त्या म्हणाल्या, "टेप गुंडाळ."

दोन दिवस राहिलो. परत येताना ओहोटी आमच्या बाजूची, पीठ वन्संकडे आणि वारा शिडात, इंजिन लावावंच लागलं नाही.

पुण्याला येऊन आठवडा झाला. आठाचा पंखा धुऊन पुसून आम्ही कात्रजला नेऊन बघितला. त्या माणसाने नुसता वास घेतला आणि परत दिला. आता तो गिरणीत, जुन्या पट्ट्यांच्या शेजारी टांगलाय. दळण टाकायला येणाऱ्या बायका विचारतात, हा कुठल्या मशीनचा भाग. मी म्हणते, रिकाम्या मशीनचा. कुणाला कळत नाही. ह्यांनी बुधवारातून डझनभर खिळी आणल्या आहेत, पण इंजिनात माझा केसांतला आकडा तसाच आहे, काढू देत नाहीत.

तुम्ही बोटीचा पंखा निवडणार असाल तर सामान भरून, सगळी माणसं बसवून चाचणी घ्या, एवढंच खरं सांगण्यासारखं आहे. त्यातही एक अडचण उरली आहे. निघताना वन्संनी मला बाजूला घेतलं. समोरच्या काठावर त्यांचं माहेर, म्हणजे ह्यांचंही घर. पण पूल लांब, मध्ये घाट, आणि घाटात त्यांना गाडी लागते म्हणून सात वर्षं गेलेल्या नाहीत. म्हणाल्या, दिवाळीत मला बोटीने ने. मग पंखा कितीचा लागेल? मी म्हटलं, वजन सांगा, म्हणजे सांगते. त्या म्हणाल्या, वजन कशाला हवंय तुला. पुढे विचारायची माझी छाती नाही, ह्यांची तर नाहीच.

कुणाच्या घरी अशी वडीलधारी बोटीत बसली असतील, तर वजन न विचारता अंदाज कसा काढलात ते लिहा. आबा, तुमची साखरही कळवा. दिवाळी जवळ येतेय, तेवढं लवकर लिहा.