टाइपरायटर सोडवायला बाबूकाकांना नेलं!

आता हसायचं नाही हं, आधीच सांगते. कारण चूक माझी असली तरी अन्याय माझ्यावरच झालाय!

वाकोल्याला मी आणि सुमन राणे एका खोलीत राहायचो. उन्हाळ्यात दोघींनी मिळून एक टेबल फॅन घेतला. सगळे पैसे सुमनने भरले, माझी अर्धी वाटणी पगार झाला की द्यायची असं ठरलं. पण पगार होण्याआधीच माझी नोकरी सुटली आणि मी घाटकोपरला आत्याच्या चाळीत राहायला आले. सामान न्यायला परत गेले, तर ही बया दारात उभी.

"ऐंशी रुपये टाक आणि टाइपरायटर ने."

"अगं, पण पंखा तुझ्याकडेच राहणार ना?"

"मग? घेताना दोघींनी घेतला ना?"

म्हणजे बघा हं! पंखा तिचा, वारा तिला, आणि पैसे मी द्यायचे? हा कुठला न्याय? बरं, मी असतानाही तो पंखा माझ्याकडे तोंड करून कधी फिरला असेल तर शपथ!

टाइपरायटर म्हणजे माझ्या बाबांनी फंडातून कर्ज काढून घेतलेलं मशीन. आणि सोमवारी माझी एका ऑफिसात टायपिंगची परीक्षा. तिथला नियम असा की येताना मशीन आपलं आपण घेऊन यायचं. मशीन नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर बाबा मला घेऊन थेट जळगाव! तिथे एक स्थळही तयार ठेवलं होतं त्यांनी.

मी पडले भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. सुमनशी भांडणार कशी? तेव्हा आत्या म्हणाली, "बाबूकाकांना ने ना."

बाबूकाका म्हणजे शेजारच्या खोलीतले. गिरणी बंद पडल्यापासून घरीच होते. दाराएवढे उंच, मिशा अशा की दूधवाला पाणी घालायला घाबरायचा. सबंध चाळीत कुणाला दम द्यायचा असला की बाबूकाका! मी त्यांना बसमध्ये सगळं पढवलं. "काका, काही बोलायचं नाही. नुसतं हाताची घडी घालून उभं राहायचं. आणि एकच वाक्य, 'मशीन काढ बाहेर.' बस्स."

"तू घाबरू नको गो," काका म्हणाले. "माका बघून भलेभले मुततत."

सुमनने दार उघडलं आणि काकांना बघून खरंच दोन पावलं मागे सरकली. काय सांगू, झकास वाटलं मला! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी घाबरलं होतं. काकांनी हाताची घडी घातली. मिशी फुगवली. श्वास घेतला.

आणि तिथेच माझी वाट लागली. कारण आत स्टोव्हवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं.

काकांची घडी सुटली. "तिरफळां घातलंस?"

"हो," सुमन चाचरत म्हणाली.

"काका, मशीन!" मी मागून कुजबुजले.

"थांब गो जरा. चेडवा, गाव खंयचा तुझा?"

"देवगडाकडचा."

"राण्यांचा घर? पिंपळाकडला? म्हणजे तू आबल्याचां चेडू?"

"तुम्ही बाबांना ओळखता?"

"ओळखता? अगो, तुझ्या बापाशीन माका व्हाळात पोवाक शिकवल्यान!"

संपलं! ज्याने काकांना ओढ्यात पोहायला शिकवलं, त्याचीच ही लेक! पुढे काय झालं ते विचारूच नका. सुमन खाली वाकून काकांच्या पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाट मांडले गेले, भात वाढला गेला. राणे म्हटल्यावर ती कोकणातली हे मला कळायला नको होतं का? पण वर्षभर ही माझ्याशी 'यार, यार' करत हिंदी झाडायची! आणि मी शाकाहारी. दम द्यायला आणलेला माझा माणूस बोटं चाटतोय आणि मी कोपऱ्यात पापड मोडत बसलेय.

हात धुतल्यावर काका टेकून बसले. "हां. आता तंटो काय तो सांगा."

"काका! तंटा तुम्हाला बसमध्ये सांगितला ना!"

"तो तुझो झालो. हिचो आयकाक नको?"

सुमनने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "पंखो दोघींनी मिळान घेतल्यात ना? मगे पैसेय दोघींनी देवचे. ऐंशी काढ."

"पण तुम्ही माझ्या बाजूने आलात ना!"

"तुझ्याच बाजून बोलतंय. कोणाचां देणां अंगावर ठेवू नये."

माझ्या पर्समध्ये बसभाडं सोडून निघाले पन्नास. मी रडायच्या बेतात. तेव्हा काकांनीच कनवटीचे तीस काढून सुमनच्या हातावर ठेवले, टाइपरायटर खांद्यावर मारला आणि आम्ही निघालो. म्हटलं, जाऊ दे, पैसे गेले पण मशीन तर आलं! बसमध्ये मी त्यांचे दहादा आभार मानले. तिकीटही मीच काढलं.

चाळीत पोचल्यावर काका सरळ आपल्या खोलीत शिरले आणि मशीन त्यांनी खाटेखाली सरकवलं.

"काका, माझी खोली इकडे."

"ठाऊक आसा. तीस रुपये दी नि मशीन व्हर."

"पण सोमवारी परीक्षा आहे माझी!"

"मगे? मी घेऊन येतंय ना खांद्यावर. परीक्षा झाली की परत हयच."

आणि खरंच तसं केलं हो त्यांनी! परीक्षेला आणलं, बाहेर बाकावर बसून राहिले आणि मशीन परत नेऊन खाटेखाली ठेवलं.

मी तणतणत आत्याकडे गेले. म्हटलं, "हा शुद्ध अन्याय आहे! त्यांना दम देईल असा कुणीतरी माणूस शोध!"

आत्या म्हणाली, "आहे की. पण मशीन त्याच्याच खाटेखाली आहे."