सावंतकाकांचा ताजा बर्फ

केळकरांनी सावंतकाकांना फसवलं. केळकर आमच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहतात, सावंतकाका नवव्या मजल्यावर भाच्याकडे राहायचे. राहायचे, कारण आता ते इथे नाहीत.

काका मालवणचे. दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फाचा उतार आहे, तिथली बर्फ पाडणारी मशीन ते सांभाळत. पहाटे पडलेल्या बर्फाचा वरचा थर, कोणाचा बूट लागायच्या आत, ते थर्माकोलच्या पेटीत भरत. आठवड्याला एक पेटी न्यायला सुपरवायझरची तोंडी परवानगी होती. शनिवारी सकाळी ती पेटी जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बिल्डिंगखाली उघडायची. स्टीलच्या वाट्यांत बर्फ, त्यावर गावच्या कोकमाचं घट्ट गोड सरबत, चिमूटभर जिरेपूड. आंबट लागलं तर वरून मिल्कमेड.

"बर्फाक घाई आसा, तुमका नको. रांगेत ऱ्हवा!" काका ओरडत. सर्वांत लहान मूल पहिलं, शेवटची वाटी वॉचमनची. हा क्रम कधी मोडला नाही.

मी रास अल खैमाहून टाइल्स आणून दुबईत विकतो. शून्यातून धंदा उभा केलाय. फुकट देणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, वाटीला किती?"

"ह्याका भाव नाय."

"असं कसं? उद्या मागाल."

"उद्या ह्याचा पाणी होतला. कोणाकडे मागू?"

माझी इरा तेव्हा सहा वर्षांची. तिने विचारलं, "काका, इज इट रिअल स्नो?"

"आभाळातलो नाय गो, पण खोटो पण नाय. खावन बघ."

मग केळकरांच्या मुलाचा वाढदिवस आला. काकांनी त्या आठवड्याची पेटी तिकडे नेली, दोन तास उभं राहून वाट्या भरल्या. केळकरांनी त्यांना केकसुद्धा विचारला नाही. पाहुण्यांना मात्र ऐटीत सांगितलं, "लाइव्ह स्नो काउंटर. आठशे दिरहम घेतले, म्हणजे जवळपास वीस हजार रुपये!" मी तिथेच होतो. नुसती बढाई समजून हसलो.

पाहुण्यांत त्या मॉलचा एक बडा अधिकारी होता. सोमवारी काकांची चौकशी लागली. बर्फ फुकट वाटला असेल तर ताकीद, विकला असेल तर नोकरी खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला. काकांनी विकला नाही म्हणून सांगितलं. ऑफिसने केळकरांना फोन केला. केळकर म्हणाले, "हो, पेमेंट केलं होतं."

मी बाराव्या मजल्यावर गेलो. "एक फोन करा. गंमत केली म्हणा."

"अहो, तो मॉलवाला अधिकारी माझा क्लायंट आहे. त्याच्यासमोर मी खोटा पडू?"

"माणूस घरी चाललाय!"

"हबीबी, रिलॅक्स. दुसरी नोकरी मिळेल त्याला, इन्शाल्ला."

मी आवाज चढवला. मग उतरवला आणि सौदा मांडला: तुमच्या नव्या ऑफिसच्या सगळ्या टाइल्स खरेदीच्या दरात देतो. त्यांनी दार लावून घेतलं. वीस वर्षांच्या धंद्यात इतक्या खाली मी कधी आलो नव्हतो.

निघायच्या आधीच्या शनिवारी काका पुन्हा खाली आले. पेटी तीच, पण आत घरच्या फ्रीजचा बर्फ, मिक्सरमधून काढलेला. पोरांनी एकेक घास घेतला. केळकरांचा मुलगा म्हणाला, "धिस इज नॉट स्नो. धिस इज जस्ट आइस," आणि त्याने वाटी झाडाच्या कुंडीत उपडी केली. मग बाकीच्यांनीही केल्या. माझ्या इरानेही केली.

मी तिच्यावर हात उगारला. काकांनी तो धरला.

"तिका कित्याक? खोटो बर्फ कळता त्यांका. केळकराचो झील खरा बोललो. बापाशीवर गेलो नाय." वॉचमनची वाटी त्यांनी तशीही भरली, पेटी पुसली आणि वर गेले. मंगळवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. भाच्याला ड्यूटी होती. वाटेत ते एवढंच म्हणाले, "कोकमाची बाटली अर्धी आसा. पोरांका घाला."

ती बाटली माझ्या फ्रीजमध्ये आहे.

केळकर, लिफ्टमध्ये तुम्ही रोज मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभे असता. वर बघा आणि उत्तर द्या: ते आठशे दिरहम तुम्ही कोणाच्या हातात ठेवले?