मागून आलेला ‘सुब्हानल्लाह’

धाडच्या मशिदीत एका दुपारी मी खणखणीत आवाजात ‘सुब्हानल्लाह’ म्हणालो आणि चांगली चाललेली नमाज बिघडवली.

नमाज पढवताना इमामसाहेब चुकले, तर मागच्यांनी एवढाच शब्द म्हणून त्यांना सावध करायचं, असा रिवाज आहे. एरवी नमाजेत बोलायचं नसतं. जिथं गप्प राहायचं तिथंही दुसऱ्याची चूक काढायची मुभा, म्हणून मला हा रिवाज लहानपणापासून फार आवडतो.

त्या दिवशी बाजार होता. मेथीची जुडी आजची की कालची, यावर माझी हुज्जत रंगली आणि मी पोचलो तेव्हा जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेच्या, चार रकातींपैकी एक होऊन गेली होती. उभं राहण्यापासून जमिनीवर डोकं टेकण्यापर्यंतची एक फेरी म्हणजे एक रकात. पिशवी कोपऱ्यात टेकवून मी मागच्या सफीत, म्हणजे रांगेत, उभा राहिलो. हुकलेली रकात सगळ्यांची नमाज संपल्यावर एकट्यानं उठून पुरी करायची, हे मला पाठ आहे. पण मोजायला मी लागलो ते मी आल्यापासून! त्यामुळे इमामसाहेब चौथीनंतर नमाज संपवायला बसले तेव्हा माझ्या लेखी तिसरीच झाली होती. म्हणालो मग.

इमामसाहेब नवे, साखरखेर्ड्याहून आलेले, कोवळ्या दाढीचे. महिनाभर पाहू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू, असं जमातीत बोलणं झालेलं. माझा आवाज ऐकून ते बिचारे उठून उभे राहिले. लगेच पहिल्या सफीतून चौघं ‘सुब्हानल्लाह’ म्हणाले. ते परत बसले, भूल झाल्यावर करायचे दोन सजदे डोकं टेकून केले आणि नमाज संपली.

बाकीच्यांची. माझी एक रकात राहिली होती, मी उठलो. तेवढ्यात पहिल्या सफीतले चाचा हलक्या आवाजात सुरू झाले, “मौलाना, चार मोजता येऊन नाही राह्यल्या, तं रमजानात तरावीहच्या वीस कशा मोजसान? आमाले इचार करा लागते मंग.”

“चूक झाली,” इमामसाहेब मान खाली घालून म्हणाले.

आणि मी हात बांधून उभा. बोललो तर नमाज तुटते, भरभर उरकली तर ती नमाज कसली! उभ्यानं म्हणायचा सात आयतींचा फातिहा मला इतका लांब कधी वाटला नव्हता.

शेवटी सलाम फेरून नमाज संपवली आणि बसल्या जागेवरूनच म्हणालो, “चाचा, त्यांच्या चार बरोबर होत्या. उशिरा मी आलो, चुकीचं मी मोजलं.”

चाचा वळले. “तू व्हय बे? तरी म्हनलं, एवढा आवाज कोनाचा!” मग त्यांनी इमामसाहेबांच्या पाठीवर हात ठेवला. “मौलाना, तुमी राहा बिनधास्त. फक्त याच्याकडं ध्यान देऊ नका.”

इमामसाहेब आल्यापासून पहिल्यांदा हसले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. कबुली दिली तो भाग जरा खुलवून सांगितला. “पण आवाजात वजन पाहा ना माझ्या,” मी म्हणालो, “एकदाच बोललो, तं इमामसाहेब लगेच उभे!”

“नवे हायेत बिचारे,” ती म्हणाली, “म्हणून ऐकलं तुमचं.”