गुरुवारचा लाल दिवा
मी आज जो काही आहे तो मोशीच्या माझ्या आत्यामुळे. परवा ऑफिसात नवा संगणक आला. एवढा मोठा प्रोग्राम कंपाइल होताना, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालवण्याजोगा तयार होताना, त्यातून जरासाही आवाज येईना, आणि मला आत्याच्या घरातला एक गुरुवार आठवला. पदवी घेऊन मी तिच्याकडे राहत होतो. एका कंपनीने चाचणीला दिलेला प्रोग्राम माझ्या जुन्या लिनक्स संगणकावर तयार करून संध्याकाळपर्यंत पाठवला, तरच नोकरी मिळणार होती. नेमकी दुपारी वीज गेली. आत्याने इन्व्हर्टर संगणकासाठी राखला आणि घरातले पंखे बंद केले. कारखान्याच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीमुळे घरी असलेले तिचे यजमान म्हणाले, "आज आमाला उकडून काढतीस व्हय?" "कंपनीत भट्टीपुढं उभं राहता, तवा न्हाई उकडत?" ती म्हणाली. हजारो छोट्या फायली वाचता-लिहिताना डिस्क कुरकुरत होती, तिचा लाल दिवा लुकलुकत होता आणि आत्या त्याच्यासमोर मेथी निवडत बसली होती. अचानक दिव्याचं लुकलुकणं थांबलं, तो नुसताच जळत राहिला. "आरं, अडकलं बघ तुझं!" "नाही आत्या, आता सगळे तुकडे जोडून एकच मोठी फाईल लिहितोय," मी म्हणालो खरा, पण माझीही नजर दिव्यावरून हलेना. काही वेळाने दिवा विझला. पडद्यावर एकही चूक नव्हती. मोबाईलच्या नेटवरून मी ते काम वेळेत पाठवलं. पुढे निवड होऊन प्रशिक्षणासाठी नाशिकला गेलो, तिथून तिला पत्र टाकलं: "आत्या, आज नोकरी कायम झाली. गावी अजून कुणालाच कळवलेलं नाही. तुझ्या भावाला, माझ्या आबांना, फोन तूच कर."