केशरबाई आणि बिनआवाजाची रिक्षा

नेवाशाच्या खालच्या आळीत केशरबाईंचा नवरा घरी पोचायच्या कितीतरी आधी त्याचा आवाज पोचायचा. आसाराम नेवासा ते नेवासा फाटा अशी डिझेलची रिक्षा चालवायचा. रिक्षा सहा सीटची, पण सहा हा आकडा फक्त कागदावर होता. बसणारे बसायचे, उरलेले लोंबकळायचे आणि रिक्षा अशी धडधडत यायची की ती नदीकडच्या उताराला लागली की आळीतल्या घराघरांत फळीवरची भांडी वाजू लागायची. परक्या माणसाला ही पीडा वाटली असती. केशरबाईंना त्या आवाजाचा मोठा आधार होता.

कारण केशरबाई नकला करायच्या. दुपारची भांडी आवरली की त्यांच्या ओट्यावर आळीतल्या बायका जमायच्या आणि केशरबाई तलाठ्याची, दवाखान्यातल्या नर्सबाईची, लग्नात मानपानावरून फुगलेल्या वरमाईची नक्कल करून दाखवायच्या. पण कडूबाई म्हातारी काठी टेकत टेकत यायची ती एकाच नकलेसाठी. डोक्याला टॉवेल गुंडाळून, एक खांदा पाडून केशरबाई उभ्या राहिल्या की साक्षात आसाराम उभा राहायचा. "सरका, सरका. मावशे, तू पोत्यावर बस. पोतं काय तक्रार करत न्हाई." बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. मग उतारावर धडधड ऐकू यायची. टॉवेल खुंटीवर जायचा, सूप मांडीवर यायचं आणि आसाराम दारात पोचेपर्यंत समस्त महिलावर्ग गंभीर चेहऱ्याने तांदूळ निवडत बसलेला असायचा.

"या आळीतल्या बायांना काय दुख हाय, कुनास ठावं," आसाराम जेवताना म्हणायचा. "कदी बगावं तर तोंडं पाडून बसल्याल्या."

"असतंय एकेकीचं," केशरबाई म्हणायच्या आणि भाकरी वाढायच्या.

नवरा वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. पण नवऱ्याची नक्कल नवऱ्यासमोर करायची नसते, एवढं शहाणपण त्या माहेराहून घेऊन आल्या होत्या. त्याला कळलं तर तो एकदाच "बंद कर" म्हणेल आणि मग करता येणार नाही, याची त्यांना धास्ती होती. दिवसभरात सगळं दुसऱ्यांचं होतं. ती अर्ध्या तासाची दुपार तेवढी त्यांची होती.

अशात एका संध्याकाळी आसाराम खुशीत घरी आला. नगरच्या एका एजंटाने बॅटरीवरची रिक्षा आणली होती आणि महिनाभर चालवून बघायला ती त्यालाच द्यायची ठरवली होती.

"धूर न्हाई, वास न्हाई, आवाज न्हाई," आसाराम म्हणाला.

"आवाज न्हाई म्हंजे किती न्हाई?" केशरबाईंनी विचारलं.

"अजिबात न्हाई. मागनं आली तर म्हशीला बी कळत न्हाई."

केशरबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून त्या रात्री त्यांना इतर शंका सुचल्या, आणि एकदा सुचायला लागल्यावर थांबेचनात. पावसात झटका बसला तर? सीटखाली अ‍ॅसिड, कुणाचं लुगडं जळालं तर? भरल्या सीटांनी फाट्याचा चढ चढेल का? त्यात पाणी घालतात म्हणे, मग दुष्काळात काय करायचं? आसारामने एकेका शंकेला उत्तर दिलं, कारण त्या सगळ्या शंका त्याने स्वतःच एजंटाला आधी विचारल्या होत्या. तीन दिवसांनी हिरवीगार रिक्षा दारात उभी राहिली. ती आली कधी, हे कुणालाच कळलं नाही. भांडी गप्प होती.

मग केशरबाईंनी शेवटचा उपाय केला. दुसऱ्या दिवशी नळावर हंडा भरताना त्या नुसत्या उसासा टाकून म्हणाल्या, "लाईटवर चालती म्हनं गाडी. आन् वाटंत लाईट गेली तर?"

आता नेवाशात विजेला वीज कोण म्हणतं? लाईट आली, लाईट गेली. आणि लाईट तर रोज दुपारी जायचीच. बायकांनी विजयमालाकडे पाहिलं. विजयमाला वायरमनची बायको. तिने नवऱ्याला विजेतलं आजवर काही विचारलं नव्हतं, पण आपल्या पदाला शोभेल असं काहीतरी बोलणं भाग होतं.

"बंदच पडनार की," ती म्हणाली. "आमच्यात पंखा बी पडतो."

वायरमनच्या घरूनच दाखला मिळाल्यावर राहिलं काय? दोन दिवसांत बातमी फाट्यापर्यंत गेली. दुपारी प्रवासी रिक्षात पाय ठेवण्याआधी समोरच्या हाटेलातला पंखा बघू लागले. पंखा फिरत असला तर बसायचे, थांबला की उतरून झाडाखाली जायचे.

"अवो, बॅटरी भरल्याली हाय. लाईटचा काय संबंध?" आसाराम घसा कोरडा करायचा.

"मंग लाईटवर चालती म्हनत्यात ते?"

"लाईटवर भरती."

"तेच की," म्हणून प्रवासी डिझेलच्या रिक्षात जाऊन लोंबकळायचा.

हे सगळं आसाराम घरी जेवताना सांगायचा. केशरबाईंना वाईट वाटायचं. पण त्यांच्यातला नकलाकार मोठा निर्दय होता. तो ऐकता ऐकता एकेक शब्द उचलून ठेवत होता.

त्या मंगळवारी लाईट रोजच्यापेक्षा लवकर गेली. ओट्यावर बायका जमल्या होत्या आणि आसाराम या वेळी फाट्यावरच असेल या भरवशावर केशरबाई रस्त्याकडे पाठ करून नवी नक्कल दाखवत होत्या. टॉवेल डोक्याला, खांदा पडलेला, दोन्ही हात जोडलेले. "बसा वो पावनं. पाया पडतो. बंद पडली तर म्या सोता ढकलत नेतो तुमाला." बायका खदाखदा हसल्या. आणि एकदम हसायच्या थांबल्या.

नक्कल पडली की काय, असं वाटून केशरबाईंनी आवाज चढवला. खांदा आणखी खाली पाडला. कडूबाई काठीच्या टोकाकडे बघत होती. विजयमालाने सूप ओढलं, पण त्यात तांदूळच नव्हते. तेव्हा केशरबाईंनी मागे वळून पाहिलं.

हिरवी रिक्षा ओट्याला लागून उभी होती. पंखा थांबल्यावर फाट्यावर एकही प्रवासी उरला नव्हता, म्हणून आसाराम जेवायला घरी आला होता. तो कधीचा उभा होता, देव जाणे.

"वाढू का?" केशरबाई कशाबशा म्हणाल्या. टॉवेल अजून डोक्यावरच होता.

"ढकलत नेतो, असं म्या म्हनलो न्हवतो," आसाराम सावकाश म्हणाला. "पैसं घेनार न्हाई, असं म्हनलो हुतो. आन् खांदा डावा पडतो माजा. तू उजवा पाडलास." तो रिक्षाच्या पायरीवर बसला. "रोज असतंय का हे?"

कडूबाईला आता या वयात कुणाचं भय उरलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मोप वर्सं झाली, बाबा. तुजी गाडी वाजली की आमी गप हुतो."

आसाराम बायकांच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत राहिला.

"मंजी या बाया हसऱ्या हायेत," तो म्हणाला. "मीच आलो की बंद पडत्यात."

केशरबाईंना भरून आलं. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? "लाईटची आवई बी मीच उठवली," त्या म्हणाल्या.

"म्हाईत हाय. फाट्यावर समदे म्हनत्यात, तुज्याच घरातनं आलंय."

"मंग बोलला न्हाई ते?"

"मला वाटलं, तुला भ्या वाटत आसंल गाडीचं." त्याने पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. "म्हनलं, महिनाच हाय. दिऊ परत."

केशरबाई टॉवेल सोडायला लागल्या.

"ऱ्हाऊ दे," आसाराम म्हणाला. "पुढचं दाव. मी बगत न्हाई."

तो खरोखरच त्यांच्याकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून बसला. केशरबाईंनी हात जोडले, या वेळी डावा खांदा पाडला. पण पाठमोऱ्या का होईना, अस्सल माणसासमोर नक्कल करायची म्हणजे काय! "बसा वो पावनं," त्या पुटपुटल्या आणि पुढचं विसरल्या.

"पाया पडतो," पलीकडून आसारामने मान न वळवता आठवण करून दिली.

कडूबाईला पहिल्यांदा हसू फुटलं. मग विजयमालाला. केशरबाई पुढचं वाक्य म्हणत होत्या, पण त्यांचं लक्ष त्या पाठीकडे होतं, आणि त्या पाठीचा डावा खांदा गदागदा हलत होता.